मुद्दा तिसरा

पाळणाघरातल्या संडासाच्या दाराला आतून कडीच नव्हती. दत्तोपंतांनी दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं, आणि मागे उभ्या असलेल्या अल्पना मॅडमकडे वळून असं बघितलं की धार जिल्ह्यातल्या, डहीपासून बदनावरपर्यंतच्या कोणत्याही हेडमास्तरला त्या नजरेनं घाम फुटला असता.

अल्पना मॅडमना फुटला नाही. "सर, दोन-दोन सालचे बच्चे आहेत. कडी आम्ही मुद्दाम काढून टाकलीय. आत अडकले तर?"

"हूं," दत्तोपंत म्हणाले. उत्तर बरोबर होतं, म्हणूनच ते त्यांना उद्धट वाटलं.

शाळा-निरीक्षक म्हणून त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. कुठल्याही शाळेत गेले की ते तीनच गोष्टी बघत. पाण्याचं मडकं, संडासाची कडी आणि शेवटच्या रांगेतल्या मुलाचा चेहरा. बाकीचं सगळं साहेब येणार म्हणून सजवलेलं असतं, असं त्यांचं ठाम मत होतं. निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी हा निरीक्षक त्यांच्या अंगातून उतरला नव्हता. दूधवाल्याचं माप, देवळातली आरती, शेजारच्या मानसिंगरावांची तुळस, सगळ्यांवर शेरे पडत. चांगला शेरा कोणाच्याच वाट्याला येत नसे.

या पाळणाघरात मडकं नव्हतं, मशीन होतं. रांगाही नव्हत्या, मुलं गोल बसली होती. जमिनीवर हिरवंगार प्लॅस्टिकचं गवत होतं. माळव्याची काळी माती, मूठ उधळली तरी उगवणारी, आणि तिच्या छातीवर यांनी प्लॅस्टिक अंथरलेलं. भिंतीवर दात काढून हसणारा हत्ती, कोपऱ्यात कॅमेरा. आईबापांना दिवसभर मोबाइलवर आपलं मूल बघता येतं, हे मॅडमनी दोनदा सांगितलं. म्हणजे मूल बघायचं, घ्यायचं नाही, असं दत्तोपंत मनात म्हणाले.

मग त्यांनी शेवटची रांग शोधली. गोलातही ती असतेच. दारापासून सगळ्यात लांब एक मुलगी बसली होती. बाकीच्यांच्या बॅगा खुंट्यांना होत्या, हिची पाठीवरच. तिच्यापुढे ठोकळे होते, हात मांडीवर होते. देवापुढच्या समईची ज्योत वाऱ्यानं एकीकडे लवावी तशी ती सगळीच्या सगळी दाराकडे लवली होती.

"ही?"

"ती अशीच बसते, सर. बॅग काढली की रडते. होईल सेटल."

"किती दिवस झाले?"

मॅडमनी जरा आठवल्यासारखं केलं. "चार महिने."

दत्तोपंत बाहेर आले आणि चप्पल घालताना उगाचच बराच वेळ वाकून राहिले.

ही तपासणी सुनेनं सांगितली होती. ऋजुता बदनावरच्या एका बँकेत होती. रविवारी तिची रजा संपत होती. मुलगा कुशल सकाळी सातलाच पीथमपूरच्या कारखान्याची बस पकडायचा. सव्वा वर्षाच्या रुचीला ठेवायचं कुठं, पाळणाघरात की घरी बाई लावून, यावर नवराबायकोचा महिनाभर वाद घालून झाला होता. शेवटी ऋजुता म्हणाली होती, "मामंजी, तुम्ही दोन्ही बघा आणि सांगा. तुमची नजर पक्की आहे."

दत्तोपंत फुलले. पण त्यांना ऐकायचं होतं ते निराळंच. मामंजी, तुम्ही घरीच तर असता, तुम्हीच सांभाळा ना. हे वाक्य त्यांनी मनातल्या मनात सुनेच्या आवाजात किती वेळा म्हणवून घेतलं होतं. साडेनऊला मऊ भात, अकराला झोप, चारला मुंज तलावावरचे बगळे. वेळापत्रकसुद्धा तयार होतं. आपण होऊन पुढे सरायचं मात्र त्यांच्याच्यानं होत नव्हतं. पणजोबा धार दरबारचे दफ्तरदार. त्या घरात विचारल्याशिवाय कोणी बोलत नसे, आणि बायकांची कामं मागून घेत तर नसेच.

संध्याकाळी पार्वती आली. मूळची देवासची, सासरे तिथल्या पागेत घोडे बघायचे. आता ती धारमध्ये लेकीकडे राहून लोकांची पोरं सांभाळायची. पन्नाशीची, ठेंगणी, पदर खोचलेला. दत्तोपंतांना तिचं सगळंच खटकलं. बोलणं खटकलं, चालणं खटकलं, न विचारता वेताच्या मोढ्यावर बसणं तर फारच.

त्यांनी तिला हात धुवायला लावले. तिनं धुतले आणि ओले हात झटकत म्हणाली, "आता साहेब, तुम्ही पण धुवा. पेपरची शाई लागलीय. पोरीला तेच लागणार ना."

ऋजुता तोंडाला पदर नसल्यामुळे ओढणी लावून हसली.

शिक्षण किती, दत्तोपंतांनी विचारलं. चौथी फेल. अनुभव? "अठ्ठावीस पोरं मोठी केली. एक तर, भिया, आता डॉक्टर आहे इंदूरला, मला ओळखत नाही." ताप आला तर काय करणार? "बाईसाहेबांना फोन. तुम्हाला काय वाटलं, झाडफूक?"

उत्तरं देता देता तिनं रुचीला कधी मांडीवर घेतलं ते कळलंच नाही. रुचीनं तिचे काळे मणी तोंडात घातले. परक्या माणसाला पाहून पोरगी रडते, असा शेरा दत्तोपंतांनी मनात तयार ठेवला होता, तो वाया गेला.

मग पार्वतीनंच विचारलं. "साहेब, तुम्ही दिवसभर घरीच ना? हातपाय धड आहेत. मग मला कशाला बोलावलं?"

ऋजुता थांबली. गॅसवरचं दूध बघायचं सोडून तिनं सासऱ्यांकडे बघितलं. एवढ्या दिवसांत या विषयाचं दार पहिल्यांदाच उघडलं होतं, आणि उघडलं होतं एका चौथी फेल बाईनं.

"हे काम माझं नव्हे," दत्तोपंत म्हणाले.

"हौ, ते तर दिसतंच आहे," पार्वती म्हणाली, आणि मणी हळूच पोरीच्या तोंडातून काढून घेतले.

रविवारी जेवणं झाल्यावर दत्तोपंत टिपण लिहायला बसले. कचेरीत जन्मभर हिंदीत लिहिलं, पण घरचं लिहायचं ते मराठीत, पणजोबांच्या वळणात. हात न उचलता, ओळच्या ओळ एका दोरीत ओवल्यासारखी. मुद्दा पहिला, पाळणाघर. त्यात प्लॅस्टिकला, हत्तीला, कॅमेऱ्याला यथास्थित झोडपलं. पाठीवर बॅग घेऊन बसलेल्या मुलीबद्दल मात्र एकच साधं वाक्य लिहिलं. मुद्दा दुसरा, पार्वतीबाई. उद्धट, अशिक्षित, वाजवीपेक्षा बोलकी. मग पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिलं. मुद्दा तिसरा. "निम्नस्वाक्षरीकार स्वतः दिवसभर गृही असतो. चि. रुचीचे संगोपन करण्यास तो राजी आहे. अनुभव नाही. शिकण्याची तयारी आहे."

असं वाक्य त्यांनी आयुष्यात कोणाबद्दल लिहिलं नव्हतं. स्वतःबद्दल तर नाहीच.

चहाच्या वेळी त्यांनी कागद सुनेपुढे ठेवला आणि खिडकीबाहेर बघू लागले. ऋजुतानं कागद जवळ धरला, लांब धरला. तिचं सगळं शिक्षण हिंदीतलं. छापील मराठी ती अडखळत वाचायची, पण ही एका दोरीतली अक्षरं तिला उलगडेनात.

"मामंजी, मला नाही जमत हे. तुम्हीच वाचून दाखवा ना, प्लीज."

दत्तोपंतांनी चष्मा घातला. पहिला मुद्दा खणखणीत आवाजात वाचला. त्या मुलीपाशी आवाज जरा उतरला आणि ऋजुतानं मांडीवरच्या रुचीला आणखी जवळ ओढलं.

"चार महिने?" तिनं विचारलं.

"चार महिने."

"मग नकोच ते. पक्कं."

पार्वतीचा मुद्दा ऐकताना ती हसायला लागली. "बोलकी आहे ते चांगलंच की. घरात आवाज तर राहील." आणि हसता हसताच, मनात काही नसताना म्हणाली, "सासूबाई होत्या तेव्हा सांगायच्या, तुम्ही दौऱ्यावरून आलात की कुशल पलंगाखाली जाऊन बसायचे. तुमचे बूट बाहेर जाईपर्यंत निघायचे नाहीत. खरंय का हो?"

पलंग दत्तोपंतांना आठवला. पलंगाखालचं पोर आठवेना, कारण ते कधी वाकले नव्हते.

रुची कागदाकडे हात करत होती. त्यांनी तो जरा वर धरला.

"खाली अजून आहे ना काही?" ऋजुतानं बोट लावून विचारलं. "तीन-चार ओळी दिसतात."

"ती सही आहे माझी," दत्तोपंत म्हणाले. "हुद्द्यासकट." त्यांनी कागदाच्या चार घड्या केल्या. "पार्वतीबाईला उद्यापासून बोलाव."

सोमवारी कुशल सातला गेला. ऋजुता साडेआठला गेली, फाटकापर्यंत तीनदा जाऊन तीनदा परत आली, आणि मग गेलीच. पार्वतीनं अंगणात चादर टाकली, पाय पसरले, पायांवर रुचीला पालथं घातलं आणि कोमट तेलाचा हात पाठीवरून फिरवत गुणगुणायला लागली.

ऊन उतरे ग बाई, देवीच्या टेकडीवरी,
बाळ माझं निजतंय, माझ्या ग मांडीवरी.

दत्तोपंत हात धुऊन आले होते. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. ते चादरीच्या कडेशी येऊन उभे राहिले. पार्वतीनं एकदा मान वर करून पाहिलं.

"काही पाहिजे का, साहेब?"

"नाही."

"मग जरा बाजूला व्हा. ऊन अडतंय पोरीचं."

दत्तोपंत दोन पावलं मागे सरले. रुचीच्या पाठीवरची त्यांची सावली सरकली आणि तेलावर ऊन चमकलं. त्यांनी बाह्या खाली केल्या, एकेक करून गुंड्या लावल्या, आणि ऊन आता कुठं सरकेल त्याचा अंदाज घेत, पलीकडे भिंतीशी उभे राहिले.