चरबीनं चमकवलेली मोटरसायकल

आमच्या सारी-ताश गावात मोटरसायकलवाले येतात ते चिखल मिरवतच. पामीरच्या बाजूनं येताना खिंडीतला तांबडा चिखल पार टाकीपर्यंत चढतो आणि हे लोक त्या ध्यानात हौसेनं फोटो काढून घेतात. मी पाहुण्यांना खोल्या देते, त्यामुळे त्यांचा चिखल शेवटी माझ्याच सतरंज्यांवर येतो. काराकोलची बेगिमाय मात्र वेगळीच निघाली. अंगणात गाडी लावल्या लावल्या थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं म्हणाली, "एजे, दोन बादल्या पाणी मिळेल?"

"आधी पाव मोड, चहा घे. मग काय ते पाणी."

तिनं उभ्याउभ्याच पावाचा तुकडा तोंडात टाकला, आमचा मान राखला आणि बाह्या सरसावून गाडीशेजारी उकिडवी बसली. पाणी मात्र ओतेना. नुसतीच बघत बसली. आता मला दम निघतोय होय? मी स्टूल घेऊन बाहेर आले.

"कशाची वाट बघतेस गं?"

उत्तर आलं ते खिडकीतून, आमच्या म्हाताऱ्याकडून. "तापलेल्या जनावरावर गार पाणी ओतत नाहीत. एवढं कळतं तिला."

मी वळून बघतच राहिले. त्याचा तांबूस घोडा गेला त्याला दोन हिवाळे झाले. तेव्हापासून हा माणूस 'हो', 'नाही' आणि 'मीठ दे' यापलीकडे फारसं बोलत नव्हता.

"बरोबर, बायके," थोरल्या भावाला म्हणावं तसं ती त्याला हसून म्हणाली. "इंजिन निवू दे, मग धुते."

मग तिनं धुवायला घेतलं. मोठा ब्रश, रंगाचा ब्रश, शेवटी चक्क दात घासायचा ब्रश. साखळीची एकेक कडी पुसली. माझ्याच्यानं राहवेना.

"उद्या घाटात पुन्हा माखणारच ना? मग हा उपद्व्याप कशाला?"

"बघण्यासाठी, एजे."

"काय बघायचंय त्यात?"

"तेच तर माहीत नसतं. धुताना हात सगळीकडे फिरतो. नुसतं बघायला मी कधी एवढी वाकले असते का?" असं म्हणता म्हणता तिचा हात मागच्या सामानाच्या चौकटीपाशी थांबला. तिथला नट पार ढिला झाला होता. "हे बघा. चिखलाखाली हा हळूच निसटायच्या बेतात होता."

म्हातारा केव्हा बाहेर येऊन उभा राहिला, मला कळलंच नाही. तोही रोज संध्याकाळी घोड्याच्या चारी पायांवरून असाच हात फिरवायचा. तो तिचे हात बघत होता आणि मी त्याचं तोंड. बऱ्याच दिवसांनी त्या तोंडावर काहीतरी हललं होतं.

उजाडता उजाडता गाईकडे निघाले, तर म्हातारा मोटरसायकलपाशी हात पुसत उभा. गाडी नुसती लखलखत होती. टाकी, सीट, आरे, चाकांमधल्या त्या गोल चकत्यासुद्धा.

"दुंब्या मेंढ्याची चरबी," तो खुशीत म्हणाला. "धुतलेलं लोखंड उघडं ठेवलं की गंज धरतो. खोगिराला, लगामाच्या कड्यांना आपण हीच लावतो ना? पाहुण्याचं जनावर आपल्या दारातून उजळूनच जायला हवं."

मी तरी काय शहाणी! म्हटलं, "वा, नवरीसारखी दिसतेय."

न्याहारी झाली. बेगिमायनं गाडी सुरू केली, अंगणात थोडी पुढे घेतली आणि ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. सरळ माझ्या गोवऱ्यांच्या ढिगात घुसली.

ती उतरली. चकतीवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि पांढरीफटक पडली.

"हे कुणी लावलं?"

"मी," म्हातारा म्हणाला. तोवर त्यालाही कळलं होतं की काहीतरी चुकलं आहे.

"बायके, ब्रेक हीच चकती धरतो. घाटात असं झालं असतं तर मी थेट दरीत गेले असते."

म्हाताऱ्यानं घाईघाईनं फडकं उचललं. तिनं त्याचा हात बाजूला सारला. "नको. तुम्ही हात लावू नका." चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू आवाजात म्हणाली.

मी गुरांच्या डॉक्टरकडे धावत जाऊन स्पिरिट मागून आणलं. तिनं चकत्या गरम पाण्यानं आणि साबणानं धुतल्या, मग स्पिरिटनं पुसल्या. ब्रेकचे पॅड काढून पॉलिश पेपरवर घासले. म्हातारा भिंतीशी उभा होता, रिकाम्या हातांनी. नंतर ती अंगणात पुन्हापुन्हा फिरून ब्रेक दाबत राहिली.

"सपाटीवर धरतोय," ती म्हणाली. "उतारावर काय ते कळेल."

म्हातारा आत गेला तो कोट आणि टोपी घालूनच आला. "मी मागे बसतो. घाट उतरेपर्यंत."

"अहो, डोकं फिरलंय का तुमचं?" मी ओरडले.

"तुमचं वजन वाढलं तर ब्रेकला आणखी जड जाईल, बायके," तीही म्हणाली.

"मग अगदी सावकाश चालव. बिघडवलं माझ्या हातांनी. तू एकटी उतरणार आणि मी इथं चहा पीत बसू?"

ती गाडीवर बसली आणि म्हणाली, "कंबर घट्ट धरा."

ते गेले. त्या दिवशी माझं दूध उतू गेलं, पाव करपला, आणि प्रत्येक ट्रकचा आवाज आला की मी फाटकाशी. उन्हं कलताना एक कोळशाचा ट्रक थांबला आणि म्हातारा धडपडत खाली उतरला. मी त्याचे हातपाय चाचपून बघितले आणि मगच शिव्या द्यायला सुरुवात केली.

"ब्रेक धरला?"

"धरला. प्रत्येक वळणाला धरला."

"मग एवढा वेळ कुठं होतात?"

तो ओट्यावर बसला. "घाट संपला तिथं ओढ्यापाशी तिनं गाडी थांबवली. पुन्हा सगळी चिखलानं भरली होती. म्हणाली, इंजिन निवेपर्यंत बसू. मग फडकं माझ्या हातात दिलं. म्हणाली, धुवा, बायके. चकत्यासुद्धा."

"आणि ती?"

"ती ओढ्याकडे तोंड करून बसली, माझ्याकडे पाठ करून. माझं धुऊन होईपर्यंत एकदाही वळून बघितलं नाही." त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचंही त्याच्या मनात आलं नाही. "मग उठली, ब्रेक तपासूनही न बघता गाडीवर बसली आणि निघून गेली."