घरच्या कंपनीपुढे गप्प राहिलेली घंटी

मी एक जुनी टेबलघंटी आहे, मित्रांनो. माझी वाटी इथल्याच कारागिराने घडवली. आतला खटका मोडला तेव्हा परदेशी बसवला, पण आवाज कुठला, असं मला कुणी कधी विचारलं नाही. मोठ्या कंपन्यांनी बाजार गिळू नये म्हणून लक्ष ठेवणाऱ्या कार्यालयात, सुनावणीच्या टेबलावर मी राहते. बोलणाऱ्याची वेळ संपली की सुनावणी घेणारे साहेब मला टिचकी मारतात आणि तो खाली बसतो.

गेल्या वर्षी बाळांच्या दूध पावडरीची एक परदेशी कंपनी आली होती. ‘आमचाच डबा ठेवा, नाहीतर माल बंद,’ असा तिने दुकानदारांना दम भरला होता. तिचा वकील दोन वाक्यं जास्त बोलताच मी खणखणले. कंपनीला दंड झाला आणि माझंही कौतुक झालं.

यंदा तीच दमदाटी आपल्या देशातल्या कंपनीने केली. तिचे वकील बोलतच राहिले. साहेबांचं बोट माझ्यावर आलं आणि मागे गेलं.

“बोलू द्या हो, आपलीच माणसं आहेत,” साहेब म्हणाले. “कारखाना बसला तर कामगारांनी कुठे जायचं?”

साहेबांच्या शेजारी सुनावणीला बसलेल्या सदस्यबाई हसल्या. “म्हणजे आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं!”

तक्रार करणारी दुकानदारीण कडेवरचं लेकरू सावरत उठली. तिच्या शेजारणीच्या बाळाला परदेशी डबाच मानवत होता. तो ठेवला म्हणून या कंपनीने तिचा सगळा माल अडवला होता.

“साहेब, गेल्या वर्षीही मीच आले होते. तेव्हा तुम्ही मला आधी पाणी दिलंत. आज विचारताय, जुळवून घेता येणार नाही का. माझी फळी तेव्हाही रिकामी होती, आताही रिकामीच आहे. महिनाभरात दुकानाला कुलूप लागेल हो.”

मग सदस्यबाईंनी हात लांब केला आणि मला वाजवलं. अजून उभेच असलेले वकील बसले. साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

निकाल अजून लागलेला नाही. दार वाजलं की माझा खटका थरथरतो. ती दुकानदारीण असेल का? दुकान उघडं असेल का?

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तर कुणीही पुसेल. परक्याची चूक झाली तर मला कुणीही वाजवेल. आपल्या माणसाची चूक झाली की मात्र हात जड होतो. तेवढा तो उचला, बाळांनो.