दोन टोकांना एकच नाव

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. चोपड्याजवळच्या गावातल्या छोट्याशा ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात माझा मुक्काम. धुळ्याला मागावर होते तेव्हा वाटायचं, आपण लग्नमांडवात मिरवणार. पण नशिबी आले गुडघे! आणि खरं सांगते, मी फार सुखात आहे. प्रार्थना वर जाते म्हणतात. जात असेल बाई, पण आधी तिचा सगळा भार माझ्यावर येतो.

मध्यंतरी प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मला गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. उंदरांनी माझे गोंडे कुरतडले. पण गुडघे टेकायचे म्हटलं की माझ्यावाचून कुणाचं चालतंय?

कमलबाई आणि तिची धाकटी जाऊ दिपमाला माझ्यावर नेहमी शेजारी बसायच्या. गेल्या वर्षी हंगामाच्या उपकारस्तुतीसाठी, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या सणासाठी, कमलबाईने केळीचा घड राखून ठेवला होता. तो दिपमालाच्या शेळीने फस्त केला. झालं! बोलणं बंद. एक माझ्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला.

त्यातच कमलबाईची लेक ज्योती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. डॉक्टरांनी फार जपायला सांगितलं होतं. कमलबाई रोज सकाळी येऊन तिच्यासाठी रडायची. मात्र प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्ही इतरांना क्षमा करतो' इथवर आली की ती ओळ गिळून पुढे जायची. आणि त्या टोकाला दिपमाला कुजबुजायची, "देवबापा, आपली ज्योतीले सांभाळ." अगं बाई, दोघींच्या तोंडी एकच नाव! मला तोंड असतं तर ओरडलेच असते.

एका सकाळी कमलबाईला ती ओळ गिळता येईना. ती गप्प झाली, आणि त्या शांततेत तिला पलीकडची कुजबुज ऐकू आली. ती उठली, थेट दिपमालाजवळ गेली.

"सरक वं जराशी."

दिपमाला रडायलाच लागली. "अक्का, मन्हं चुकनं."

"तुन्हं नही, शेळीनं चुकनं!" कमलबाई रडता रडता हसली. मग दोघींनी ती प्रार्थना 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'पासून मोठ्याने म्हटली. एकही ओळ सुटली नाही. देवाला बाप म्हणायचं, तर शेजारी बसलेलीही आपली बहीणच, हे मला त्या दिवशी कळलं.

ज्योतीला मुलगी झाली, दोघी सुखरूप! उपकारस्तुतीला बाळाला माझ्यावर ठेवलं आणि तिने मला चिंब केलं. मी तर धन्य झाले.

मित्रांनो, मला झटका, ऊन दाखवा, खुर्च्यांमागे विसरू नका. आता मी जड झालेय, एकटीला पिळवत नाही. बाळाने भिजवलं त्या दिवशी मला धुऊन पिळताना एक टोक कमलबाईने धरलं, दुसरं दिपमालाने.