एकलकोंडीची शेजारीण

सरांनी त्या दीर्घिकेचं नाव एकलकोंडी ठेवलं होतं. आसपास दुसरी दीर्घिका नाही, तरी बाईसाहेबांच्या पोटात नवे तारे धडाधड जन्मत होते. ते का, हे शोधता शोधता सरांच्या विद्यार्थिनीच्या नाकी नऊ आले होते. शेवटी वैतागून तिने दुर्बिणीचं मूळ, न कापलेलं छायाचित्र पुन्हा उघडलं आणि चांगलं उजळवून पाहिलं. एकलकोंडीतून ताऱ्यांचा फिकट पट्टा निघून थेट कोपऱ्यातल्या दुसऱ्या दीर्घिकेपर्यंत गेला होता. म्हणजे ही शेजारीण कधीतरी अगदी जवळून गेली होती. तिच्या ओढीने इथला वायू ढवळला, दाटला आणि त्याचेच तारे झाले.

ते छायाचित्र घेऊन ती तडक सरांच्या खोलीत गेली. सरांनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ ते पाहिलं आणि ते एकदम भडकले.

"इतकी ढळढळीत गोष्ट! चित्राच्या कडा कापल्या कुठल्या शहाण्याने?"

"कापल्या मी, सर. पण तुम्हीच म्हणालात, आजूबाजूची गर्दी काढून टाक, उगाच लुडबुड नको."

सरांनी घसा खाकरला.

"मग तू ऐकलंस कशाला माझं?"