पटलावरचे चौदा दिवस

मी विधानसभेच्या सभागृहात पटलावर ठेवलेला एक कागद बोलतोय. माझं पूर्ण नाव दोन ओळी खातं. थोडक्यात सांगायचं तर मी म्हणजे विजेचे नवे दर.

ऐंशीच्या दशकात एका दुपारी वीज खात्याच्या टायपिस्ट सुमंगलाबाईंनी मला बडवून काढलं. सगळं लक्ष घड्याळाकडे, कारण पेडण्याची बस चुकली की घरी पोचायला रात्र. माझ्या पोटात काय आहे ते त्यांनीही वाचलं नाही. त्यांना दोष देत नाही. त्यांना फक्त अक्षरं बघायची होती.

मंत्रिमहोदयांनी मला सभागृहात नेलं, ‘हे पटलावर ठेवतो’ एवढं म्हटलं आणि ते खाली बसले. संपलं! मी मात्र हरखून गेलो होतो. कारण नियम असा, की चौदा दिवस मी सगळ्या आमदारांना बघायला खुला. तेवढ्या मुदतीत एकाने जरी सही करून दुरुस्ती सुचवली, तर माझ्यावर चर्चा होणार. कुणीच काही बोललं नाही, तर मी जसाच्या तसा कायम.

मला तिथल्याच वाचनालयात टेबलावर ठेवलं. आमदार येत, पेपर चाळत, कुणाच्या लग्नाला कोण आलं नाही यावर तावातावाने बोलत. एकाने माझ्यावर चहाचा कप ठेवला. दुसऱ्याने मला उचललं तेव्हा वाटलं, आता हा वाचणार. पण त्याला खालचं मासिक हवं होतं. खिडकीबाहेर मांडवी नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जी, म्हणजे सपाट बोटी, जात, मी त्या मोजत बसायचो. माणसांच्या एवढ्या गर्दीत इतकं एकटं पडता येतं, हे मला तिथे कळलं.

बाराव्या दिवशी चंद्रावती आली. लाटंबार्से गावची, पन्नाशीची बाई. नवरा गेल्यापासून त्याची पिठाची गिरण तीच चालवत होती. मीटर बघायला आलेल्या माणसाकडून तिला दर बदलणार असल्याचं कळलं होतं. दोन तास दारावर थांबून तिने आत यायचा पास मिळवला होता.

“सगुणबाब, माका इंग्रजी येना नाय. ह्यो कागद जरा वाचून दाखवशात?” तिने वाचनालयाच्या कारकुनाला विचारलं.

सगुणबाब कारापूरचे, स्वभावाने गरीब. त्यांनी मला तिच्या भाषेत वाचायला सुरुवात केली. काय सांगू! जन्मल्यापासून पहिल्यांदा माझा आवाज मला ऐकू आला. आणि ऐकून मी शरमलो. माझ्या सातव्या कलमाने खेड्यातल्या गिरण्या कारखान्यांच्या रांगेत बसवल्या होत्या. मोटर चालो वा न चालो, दर महिन्याचा ठरलेला आकार भरायचाच.

“पावसात दोन-तीन म्हयने माझी गिरण बंदच आसता,” चंद्रावती म्हणाली. “त्या म्हयन्यांचोय आकार?”

“तसाच लिवलेला आसा, वयनी.”

“मगे गिरण बंद करूची लागतली. थंय इतके जण बसतत, एकानय इचारूक नाय?”

सगुणबाबांनी माझ्यावरची तारीख बघितली. मग हळूच म्हणाले, “अजून दोन दीस आसत. तुमच्या आमदाराक घेऊन या.”

चौदाव्या दिवशी दुपारी ती खरंच त्यांना घेऊन आली. आमदारांनी मला हातात घेतलं. चष्मा लावला, सातवं कलम वाचलं. सगळं वाचलं हो, खोटं कशाला बोलू! मी मनात म्हणत होतो, खोडा मला, या एका ओळीवर काट मारा, माझं काही जात नाही.

“बाये, तुझं म्हणणं बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण हा आमच्याच पक्षाच्या मंत्र्यांचा कागद. त्यावर मी दुरुस्ती कशी देऊ? पुढच्या खेपेला बघू.”

“पुढच्या खेपेक माझी गिरण आसतली काय, साहेबांनू?”

घंटा वाजली. त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि ते आत गेले. संध्याकाळी सभागृह उठलं आणि मी कायम झालो. सगुणबाबांनी मला दप्तरात बांधलं.

दीड वर्षाने चंद्रावती पुन्हा आली. मोटर विकली होती. पणजीला वीजजोडणी तोडल्याचे कागद द्यायला आली होती. गावातल्या बायका आता दळणाचं ओझं घेऊन डिचोलीची बस धरतात, असं म्हणाली. मग जरा घुटमळून म्हणाली, “तो कागद परत एकदा वाचशात? मदीं कोणी बदललो आसात तर.”

सगुणबाबांना ठाऊक होतं, तरी त्यांनी मला काढलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. ती पदर सावरून ऐकत होती. सातवं कलम आलं, गेलं. “बरां,” म्हणाली आणि उठली.

तिच्यानंतर मला कुणी उघडलेलं नाही. मी पिवळा पडलोय, कडा कसरीने खाल्ल्यात. पण पाच दिवसांपूर्वी वाचनालयाच्या टेबलावर एक कोराकरकरीत कागद आलाय. विजेच्याच दरांचा. त्याचे अजून नऊ दिवस आहेत. आमदारसाहेब, मला नाही वाचलंत तरी चालेल. त्याला वाचा.