जाड भिंतीची खोली

"शर्ट घाला जी, अन् चला इथून!"

मीराबाईनं नवऱ्याला एक्स-रेच्या स्टँडसमोरून दंडाला धरून बाजूला ओढलं. भैय्यालाल उघड्या अंगानं, हनुवटी वर करून उभा होता. चेतना मेश्रामनं नुकतंच त्याला तसं उभं केलं होतं. तो गोंधळून दोघींकडे पाहू लागला आणि त्याला खोकल्याची उबळ आली.

"बाई, काहून ओढून राहिल्या त्यांना? एका सेकंदाचं काम हाय."

"एका सेकंदातच सारं शहर जळते म्हणे. बाहेर टीव्हीवर दाखवून राहिले ना! अन् हे पहा, आमच्या मिलच्या ग्रुपवर आलं."

मीराबाईनं मोबाइल पुढे केला. शत्रू देशाचा अणुबॉम्ब तयार होत आला आहे, हवेत किरण वाढणार आहेत, म्हणून सध्या एक्स-रे काढू नका, अंगातले किरण दुप्पट होतात, असा मजकूर होता. खाली कुण्या डॉक्टरचं नाव होतं. चेतनानं तो मेसेज आठवड्यात चौदा-पंधरा वेळा तरी पाहिला होता.

"हे खोटं हाय. बटन दाबलं की किरण निघते, सोडलं की संपलं. बल्बसारखं. दोन महिन्यांपासून खोकून राहिले तुमचे मालक. डॉक्टरनं उगाच नाही पाठवलं."

मीराबाईनं ऐकलं नाही. शर्टाच्या गुंड्याही न लावता भैय्यालाल तिच्यामागून निघाला. दारातून त्यानं एकदा वळून पाहिलं, जणू माफी मागावी तसं.

चेतना चोवीस वर्षं एक्स-रे काढत होती. त्यातली सोळा ब्राह्मणपाऱ्याजवळच्या या धर्मादाय दवाखान्यात. वडील गोंदियाहून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले आणि इथलेच झाले. आपलं काम तिला आवडायचं. माणूस तोंडानं काहीही सांगो, छाती खोटं बोलत नाही, असं ती म्हणायची. पण त्या आठवड्यात रोज आठ-दहा माणसं तिच्या दारातून परत जात होती, आणि बाहेरच्या टीव्हीवर लाल अक्षरांत एकच प्रश्न फिरत होता: बॉम्ब किती दिवसांवर? भिलाईच्या पोलाद कारखान्यावर पडला तर रायपूरचं काय, हे सांगत एक माणूस नकाशावर लाल वर्तुळं काढत बसला होता.

ती तरातरा मॅनेजर दिवाकरच्या टेबलाशी गेली.

"सर, तो टीव्ही बंद करा नाहीतर भजन लावा. पेशंट पळून राहिले."

"मॅडम, लोक पाहून राहिले, पाहू द्या ना. टेन्शनचा टाइम आहे." मग दिवाकरनं आवाज खाली आणला. "एक विचारायचं होतं. आपल्या एक्स-रे रूमच्या भिंती जाड आहेत म्हणे, दारात शिसं आहे. उद्या काही झालंच, तर फॅमिलीला तिथं आणता येईल का? चार लोकंच आहोत आम्ही."

त्याच खोलीतला, किरण अडवणारा शिशाचा एप्रन घडीवर चिरला होता. नवा द्या म्हणून तिनं तीन वर्षांत पाच अर्ज दिले होते, आणि पाचही याच टेबलाच्या खणात पडून होते.

"आणा ना सर," ती म्हणाली. "एप्रन मात्र घरूनच आणा."

संध्याकाळी घरी आली तर नवरा, यशदीप, कणकेची दोन पोती आणि मीठ घेऊन आलेला. "सब ले रहे हैं," तो म्हणाला. तिनं पोती कोपऱ्यात सरकवली. स्वयंपाक करताना मात्र तिला भैय्यालालचा खोकला आठवत राहिला. असा खोकला तिनं हजारदा ऐकला होता. नोंदवहीतल्या नंबरवर तिनं तीन दिवस फोन लावला. फोन बंद.

रविवारी तिनं नोंदवहीतला पत्ता घेऊन अभनपूरची बस पकडली. हे आपलं काम नाही, हे तिला ठाऊक होतं. राईस मिलमागच्या खोल्यांत भैय्यालाल बाजेवर पडलेला होता, गालाची हाडं वर आलेली. मीराबाई सुपात तांदूळ निवडत होती. चेतनाला पाहून ती उठली, पण बसा म्हणाली नाही.

"घरी काहून आल्या मॅडम?"

"फोन लागत नव्हता. यांचा फोटो काढणं जरुरी हाय. उशीर झाला तर तुम्हालेही लागण होईल."

मीराबाईनं हात पदराला पुसले. मग म्हणाली, "तुम्ही रोज त्या किरणात राहता. एक सांगा. तुम्हाले लेकरं हायत?"

चेतनाकडे उत्तर तयार होतं. 'माझं सोडा' म्हणून ती ते नेहमी टाळायची. आज ते ओठावर आलंच नाही.

"नाही. एक राहिलं होतं, पाचव्या महिन्यात गेलं. तेव्हा मी दुसऱ्या दवाखान्यात होती. ड्यूटी बदला म्हणून सांगितलं, तर म्हणे दुसरं माणूस नाही, जरा सांभाळून करा. डॉक्टर म्हणाले, त्याच्यानं नाही गेलं, असं कोणाचंही होते. असेलही. मले माहीत नाही बाई. अठरा वर्षं झाली, मले अजूनही माहीत नाही. तेव्हा कोणी टीव्हीवर बोललं नाही, कोणाले भीती नाही वाटली."

बाजेवर भैय्यालाल उठून बसला.

"पण यांचं मले माहीत हाय," चेतना म्हणाली. आवाज चढला होता, रागानं की कशानं, तिलाच कळत नव्हतं. "तो बॉम्ब पडेल तेव्हा पडेल. हे आज मरून राहिले. माणसाच्या छातीत काय हाय, ते पाहायले दुसरी खिडकी नाही माझ्याजवळ."

मीराबाईनं सूप बाजूला सारलं. चहा ठेवला.

सोमवारी साडेनऊला दोघं दारात उभी होती. बाहेर टीव्ही तसाच ओरडत होता. मीराबाईला दाराबाहेर थांबवून चेतनानं भैय्यालालचे खांदे पुढे घेतले, हनुवटी टेकवली, आणि आडोशामागे जाऊन बटन दाबलं. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या बाजूला पांढरा डाग होता, मुठीएवढा. तिनं मीराबाईला आत बोलावलं.

"हे पहा. डॉक्टर अजून थुंकीची तपासणी सांगतील. पण टीबी निघाला तरी त्याच्यावर औषध हाय, सरकारी, फुकट. एक दिवस न चुकवता सहा महिने घ्यायचं."

"वाचतील?"

"वाचायलेच पाहिजे. बरं झालं, आणलं तुम्ही."

भैय्यालाल गुंड्या लावत बाहेर गेला. मीराबाई मागे राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती जवळ आली.

"ताई, पोट्टी होती का पोट्टा?"

चेतनाला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. सासरच्यांनी नाही, यशदीपनंही नाही.

"पोट्टी होती," ती म्हणाली.

मीराबाईनं मान हलवली आणि तिच्या हातावर आपला खरबरीत हात क्षणभर ठेवला. ती गेल्यावर चेतनानं नोंदवही ओढली आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. तिनं दारात येऊन तेच नाव पुन्हा, टीव्हीपेक्षा मोठ्या आवाजात, स्पष्ट पुकारलं.