टिन लंच

उंच म्हाताऱ्याने पहिली रेकॉर्ड काउंटरच्या कडेवर आपटून मोडली, तेव्हा दुकानदार लेमला वाटलं हातून निसटली असेल. दुसरी मोडली तेव्हा त्याने चष्मा कपाळावरून खाली ओढला. तिसरी गुडघ्यावर ठेवून म्हातारा जोर लावत होता. तिन्ही एकाच अल्बमच्या प्रती होत्या, आणि तो अल्बम या दुकानात सर्वांत पुढे, दारातून आत येणाऱ्याच्या नजरेसमोर मांडलेला असे.

"अहो, काय करताय काय?" लेमची मुलगी रेनेटा मागच्या फळ्यांवरून ओरडली.

"मोडतोय. दिसत नाही तुला?"

चेहऱ्यावरून लेमने ओळखलं नसतं. आवाजावरून ओळखलं. वाक्याच्या शेवटी समोरच्याला ढोसणारा तो आवाज या शहरात एकाच माणसाचा होता, आणि तो माणूस तुरुंगातून सुटल्यावर डेटन सोडून गेला होता. लेमचा उजवा हात काउंटरखालच्या बॅटकडे गेला. डावा जाऊन उपयोग नव्हता. त्या हाताची मधली तीन बोटं चिंचेच्या आकड्यासारखी आत वळलेली होती आणि ती तशी करणारा आता समोर उभा होता.

"नील," लेम म्हणाला, "चौथीला हात लावलास तर डोकं फोडीन."

नील टिबेटने चौथी उचलली.

वेस्ट थर्ड स्ट्रीटवर लेम्युएल गेन्सच्या दुकानाची ख्याती विक्रीची नव्हती, शिफारशीची होती. नावाजलेलं काही मागितलं की लेम तोंड वाकडं करी. ज्यांना रेडिओने विचारलं नाही, कंपनीने गोदामात कुजवलं, ज्यांचे गायक पुढे बस चालवत म्हातारे झाले, अशांचीच त्याला माया. कुणाचा नवरा सोडून गेला तर तिला तो टोलेडोच्या तीन बहिणींचा एकुलता एक अल्बम देई. "रडून घे आधी, तिसऱ्या गाण्यापर्यंत. चौथ्याला नाचशील," म्हणे. कारखाना बंद पडून घरी बसलेल्यांना गॅरी गावच्या एका बाईचं ऑर्गन ऐकवी. दुकानाचा नियम एकच होता. एक बाजू पूर्ण ऐकल्याशिवाय रेकॉर्ड विकत मिळायची नाही. मग चार दिवसांनी तेच गिऱ्हाईक परत येऊन भांडे, "लेम, इतकी वर्षं मला हे सांगितलं का नाहीस?" ही त्या दुकानातली सर्वांत मोठी पावती होती. लेमचं उत्तरही ठरलेलं असे. तो खांदे उडवून म्हणे, "तुझी वेळ आली नव्हती." रेनेटा लहानपणापासून हा संवाद ऐकत आली होती, आणि कित्येकदा गिऱ्हाइकाचं वाक्य पुरं होण्याआधीच बापाचं उत्तर ती देऊन टाकी.

सगळ्या शिफारशींत पहिली शिफारस होती 'टिन लंच'ची. चार काळी पोरं, मोठ्या आवाजाच्या गिटारी, खाली कमरेला झटका देणारा ढोल. आपल्या काळ्या लोकांच्या रेडिओने सांगितलं, हे गोऱ्यांचं रॉक आहे, इथे नको. गोऱ्यांच्या रेडिओने फोटो मागवला आणि नंतर फोनच उचलला नाही. शेवटी कंपनीने कव्हरवर माणसांऐवजी कामगाराच्या जेवणाच्या डब्याचं चित्र छापलं. अल्बम कुठल्याच रकान्यात बसला नाही आणि मेला. ढोलावर लेम होता. गिटारवर नील होता.

नीलच्या डाव्या हाताच्या बोटांना तारांनी असे घट्टे पडले होते, की पैज लावून तो पेटती सिगारेट बोटाच्या टोकाने विझवी आणि पोरींकडे बघून हसे.

आता त्याच डाव्या हाताने त्याने चौथी रेकॉर्ड लेमच्या तोंडावर फेकली. कव्हरची कड ओठाला लागली, ओठ फाटला. लेम काउंटरला वळसा घालून बाहेर आला आणि त्याने एका हाताने बॅट फिरवली. ती नीलच्या खांद्यावर बसली. आवाज ओल्या लाकडासारखा आला. नील कोलमडला नाही. त्याने लेमची कॉलर धरून त्याला फळीवर ढकललं, आणि फळी, फळीवरच्या सोल संगीताच्या सगळ्या रेकॉर्डी, खोक्यांसकट दोघांच्या अंगावर आल्या.

सत्तरी ओलांडलेली माणसं मारामारी करतात तेव्हा ती बघवत नाही. तरण्या पोरांच्या मारामारीत निदान पाय उचलले जातात. हे दोघे एकमेकांना धरून जमिनीवर घसटत होते, दम लागत होता, आणि दम लागला तरी मारत होते. नीलने लेमच्या बरगडीत कोपर घातलं. लेमने त्याच्या कानाचा चावा घेतला. खोटं कशाला बोला, जोरात घेतला आणि त्याला ते आवडलं. रेनेटा मध्ये पडली तर तिलाच एक ठोसा बसला, कुणाचा ते कळलं नाही.

"पुरे!" ती किंचाळली. "डॅडी, पुरे! मी पोलीस बोलावते."

"बोलाव," नील धापा टाकत म्हणाला. कानातून रक्त मानेवर उतरत होतं. "त्यांना सांग, हा माणूस प्रेत विकतो. माझं प्रेत. पेपरात वाचलं मी. लेम गेन्सची शिफारस! जगाने दुर्लक्ष केलेला थोर अल्बम! आता इंग्लंडमधली कंपनी नव्याने काढणार म्हणे. लाज नाही वाटत, भडव्या?"

"कसली लाज?" लेम म्हणाला.

"माझी गिटार पुसलीस तू. तेव्हाच कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं मला. गिटार काढली, ट्रंपेटांचा बाजा घातला, तुझ्या दोस्ताने होकार दिला. दिला होतास की नाही?"

"दिला होता."

"ऐक, पोरी. स्वतःच्या तोंडाने बोलतोय."

रेनेटाने बापाकडे पाहिलं. हात कसा गेला ते तिला ठाऊक होतं, का गेला ते लेमने कधी सांगितलं नव्हतं. घरात तो विषय निघाला की आई भांडी घासायला उठे.

गोष्ट अशी घडली होती. लेम आपली गाडी नीलच्या दारात उभी करून डिकीत वाकला होता. नील घरातून आला आणि त्याने डिकीचं झाकण लेमच्या हातावर आदळलं. मग उघडलं आणि पुन्हा आदळलं. लेमचा हात आत खोक्यात अडकला होता, तो निघेना. शेजारीण पायरीवर सोलत असलेल्या शेंगा टाकून धावत येईपर्यंत नील झाकण आदळत राहिला. कोर्टात वकिलाने विचारलं, डिकीत काय करत होतास? लेम म्हणाला, सामान काढत होतो. त्यापुढे एक शब्द नाही.

"ऐकलास कधी अल्बम?" लेमने विचारलं. तो खोक्याला धरून उभा राहत होता.

"आपल्याच पोराचं कापलेलं मढं बघायला कोण जातं?"

"म्हणजे नाही ऐकलास."

"नाही. आणि ऐकणार पण नाही."

लेमने जमिनीवरची बॅट उचलली. नीलने डोकं वाचवायला हात वर घेतले. लेम त्याच्याजवळून पुढे गेला, काउंटरवरच्या प्लेअरपाशी. मोडायची राहिलेली एक रेकॉर्ड त्याने कव्हरमधून काढली, शर्टाला पुसली. ओठाचं रक्त तिच्यावर ठिबकलं, ते परत पुसलं. त्याच्या तोंडावर त्या क्षणी जे होतं त्याला दया म्हणता येणार नाही. कान चावताना जे होतं तेच होतं.

"दुकानाचा नियम आहे," तो म्हणाला. "इथे आलेला माणूस एक बाजू ऐकून जातो."

सुई टेकली. आधी ढोल आला, तरण्या लेमचा, दोन धड हातांचा. चार ठेके झाले आणि मग गिटार आली.

ती कुठे मागे, दबून आली नाही. सर्वांच्या पुढे आली, मोठी, उद्धट, दाराला लाथ मारून घरात शिरणाऱ्या माणसासारखी. बाजा कुठेच नव्हता. दुकानाच्या दारावरच्या भोंग्यातून ती रस्त्यावर गेली, आणि पलीकडच्या न्हाव्याने सवयीने मान डोलवली असेल, कारण हे गाणं तो रोज ऐकत होता. सगळा वेस्ट थर्ड स्ट्रीट रोज ऐकत होता.

नील पडलेल्या खोक्यावर बसला. पहिलं गाणं संपेपर्यंत त्याने कानावरचा हात काढला नाही, मग काढला. दुसऱ्या गाण्यात एका जागी गिटार घसरते, सूर चुकतो आणि चुकलेल्याच सुरावरून वर चढते. तिथे त्याच्या तोंडून हुंकारासारखं काहीतरी निघालं.

"हे मी चुकलो होतो," तो म्हणाला. "परत घेऊ म्हणालो होतो."

"मी म्हणालो, राहू दे."

"तू म्हणालास, राहू दे." नीलने मान हलवली. "पण होकार दिला होतास ना?"

"होकार दिला नसता तर अल्बम निघालाच नसता. तोंडाने हो म्हणालो. सिनसिनाटीला जाऊन रेकॉर्ड छापणाऱ्याच्या हातात तुझ्या गिटारची पहिलीच टेप दिली. कंपनीला कळलं तेव्हा खोकी भरून झाली होती."

तिसरं गाणं चालू झालं. नील लेमच्या वळलेल्या बोटांकडे बघत होता.

"त्या दिवशी डिकीत… डिकीत काय काढत होतास तू?"

"हेच," लेम म्हणाला.

रेनेटाने खुर्ची ओढली आणि बसली. तिचा गाल सुजायला लागला होता, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

नील उठला. लंगडत काउंटरपाशी आला, मोडलेल्या तुकड्यांवरून पाय पडले तेव्हा ते करकरले. त्याने आपला डावा हात काउंटरवर पालथा ठेवला, बोटं पसरून.

"मार," तो म्हणाला.

"डॅडी, नको," रेनेटा म्हणाली.

"तू गप्प, पोरी. हा आमचा हिशोब आहे. मार, लेम. मीही थांबलो नव्हतो, तूही थांबू नकोस."

लेमला मारायचं होतं. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण पुढे लोकांनी त्याला फार मोठ्या मनाचा वगैरे ठरवलं. कित्येक वर्षं, बुटाची नाडी बांधताना, पावाला लोणी लावताना, नातवाला उचलून घेताना, त्याने हेच मागितलं होतं. नीलचा हात, समोर, पसरलेला. त्याने बॅट उजव्या हातात घट्ट धरली. हात निसटू नये म्हणून आपल्या आकड्यासारख्या बोटांनी नीलचा पंजा उलटा केला आणि बोटांची टोकं दाबून धरली.

मग त्याने अंगठा एका बोटाच्या टोकावरून फिरवला, दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या. टोकं मऊ होती. बाळंतिणीच्या तळव्यासारखी मऊ. गिटार वाजवणारा माणूस महिनाभर आजारी पडला तरी घट्टे जात नाहीत इतके लवकर.

"हे काय?" लेमने विचारलं.

"काय?"

"घट्टे कुठे गेले?"

नीलने हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला. लेमने सोडला नाही.

"इथून जवळच्या लिमा गावी गेलो, ट्रक चालवला," नील म्हणाला. "वाजवतो कशाला? जे वाजवलं तेच पुसून टाकलं म्हटल्यावर…"

"कधीच नाही?"

"मुलीच्या लग्नात एकाने हातात दिली. परत दिली मी."

लेमच्या डोक्यात इतकी वर्षं एक चित्र होतं. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी बारमध्ये, नील दोन्ही हातांनी वाजवतोय आणि पोरींकडे बघून हसतोय. त्या चित्राच्या रागावर तो जगला होता. त्या रागानेच त्याने ही रेकॉर्ड दारातून येणाऱ्या एकूण एक माणसाला ऐकवली होती, टपालवाल्याला, पाद्र्याला, चुकून पत्ता विचारायला आलेल्या परक्यांनाही. पत्ता शोधून नीलला एक कार्ड टाकायला फार लागलं नसतं. त्याने ते मुद्दाम टाकलं नव्हतं. नीलला कळू नये, हीच त्याची शिक्षा, असं त्याने इस्पितळाच्या खाटेवर ठरवलं होतं आणि ते ठरवणं तो विसरूनही गेला नव्हता.

बाजू संपत आली. शेवटच्या गाण्यात ढोल थांबतो आणि गिटार एकटीच राहते.

"लेम," नील म्हणाला. त्याचा आवाज आता कुणाला ढोसत नव्हता. "इतकी वर्षं मला हे सांगितलं का नाहीस?"

रेनेटाने सवयीने बापाकडे पाहिलं. उत्तर तिलाही पाठ होतं. लेमने तोंड उघडलं, फाटलेला ओठ पुन्हा फुटला; खांदे मात्र त्याने उडवले नाहीत. गिटार थांबली. तेव्हा त्याने बॅट काउंटरवर ठेवली, नीलचा हात मात्र सोडला नाही, आणि उरलेल्या एका हाताने चाचपडत रेकॉर्ड उलटी करायला लागला.